लायबेरियाचे लाकूड: एक बंदी, ती उठवण्याच्या अटी आणि मागे राहिलेला जमिनीचा प्रश्न

प्रकरणाची व्याप्ती

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशातून होणाऱ्या लाकडाच्या निर्यातीवर आंतरराष्ट्रीय बंदी मागावी की नाही, आणि बंदी आल्यावर ती केव्हा व कोणत्या अटींवर उठू द्यावी, हे दोन प्रश्न २००१ ते २००६ या काळात तेथील नागरी संघटनांसमोर उभे राहिले. त्यांनी दिलेली उत्तरे आणि त्या उत्तरांचे पुढे झालेले परिणाम हा या अभ्यासाचा विषय आहे. माहिती गोळा करणारे कार्यकर्ते, कामगार आणि गावकरी यांची व त्यांच्या गावांची नावे येथे दिलेली नाहीत. न्यायालयांच्या निकालांत, सुरक्षा परिषदेच्या कागदपत्रांत आणि सार्वजनिक नोंदींत असलेली नावे तेवढी आली आहेत.

हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की शांतता, न्याय आणि न्याय्य विकास या तीन मागण्या आपण एका दमात उच्चारतो, परंतु लायबेरियात त्या एकमेकींच्या आड आल्या. युद्धाचा पैसा तोडायचा तर लोकांचा रोजगार तुटत होता. रोजगार लवकर परत आणायचा तर जंगल पुन्हा जुन्याच हातांत जाण्याची भीती होती.

पार्श्वभूमी

अमेरिकेतून आलेल्या मुक्त गुलामांच्या वसाहतीतून उभ्या राहिलेल्या या देशाने १८४७ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ सत्ता, जमीन आणि सरकारी करार हे सर्व किनाऱ्यालगतच्या मोजक्या घराण्यांकडे राहिले. अंतर्भागातील जमातींच्या जमिनी वहिवाटीने त्यांच्या होत्या, मात्र कागदावर त्यांची मालकी क्वचितच होती. या प्रकरणातील अखेरच्या पेचाचे मूळ तेथपर्यंत जाते.

डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलर याने सुरू केलेले पहिले यादवी युद्ध १९९७ च्या निवडणुकीपर्यंत चालले आणि त्या निवडणुकीत टेलरच राष्ट्राध्यक्ष झाला. १९९९ मध्ये दुसरे युद्ध पेटले. दोन्ही युद्धांत मिळून सुमारे दोन ते अडीच लाख माणसे मेल्याचा अंदाज सामान्यतः दिला जातो. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये सामान्य लोकांचे हातपाय तोडणाऱ्या बंडखोरांना टेलर हिऱ्यांच्या मोबदल्यात शस्त्रे पुरवतो, हे उघड झाल्यावर सुरक्षा परिषदेने मार्च २००१ मध्ये ठराव क्रमांक १३४३ संमत करून लायबेरियाच्या हिऱ्यांवर बंदी घातली आणि शस्त्रबंदी नव्याने कडक केली. लाकूड या ठरावातून वगळण्यात आले. लायबेरियाचे लाकूड सर्वाधिक विकत घेणारे देश चीन आणि फ्रान्स होते, दोघेही परिषदेचे स्थायी सदस्य होते आणि दोघांचाही लाकूडबंदीला विरोध होता.

हिऱ्यांची वाट अडवली गेल्यावर लाकडाचे महत्त्व वाढले. २००० मध्ये केलेल्या एका कायद्याने देशातील मोलाच्या साधनसंपत्तीविषयी करार करण्याचा अधिकार टेलरने एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती घेतला होता. गिनीच्या आखातालगत पश्चिमेकडे पसरलेल्या आणि बहुतांशी तोडल्या गेलेल्या वर्षावनाचा सर्वांत मोठा शिल्लक भाग लायबेरियात आहे. त्यातील फार मोठे पट्टे मोजक्या कंपन्यांना देण्यात आले. त्यांतील सर्वांत बलाढ्य ओरिएंटल टिंबर कंपनीचा कारभार गस कौवेनहोव्हेन हा डच व्यापारी पाहत असे आणि ब्यूकॅनन बंदरावरही त्याच कंपनीचा ताबा होता. कंपनीच्या 'ओ-टी-सी' या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ लोक 'ओन्ली टेलर चॉप्स', म्हणजे 'फक्त टेलर खातो', असा लावीत. कंपनीच्या पहारेकऱ्यांत टेलरच्या जुन्या लढवय्यांचा भरणा होता. ओंडके वाहून नेण्यासाठी बुलडोझरने रस्ता काढताना मध्ये येणारी कसाव्याची शेते आणि फळझाडे सरसकट उखडली जात. भरपाई मागायला जाणाऱ्याला बंदूकधारी पहारेकरी सामोरा येई.

पेच

पर्यावरण आणि मानवी हक्कांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मोजक्या लायबेरियन संघटनांनी या काळात जंगलातील तोडीचे पट्टे आणि बंदरे यांवरून माहिती जमा करण्यास सुरुवात केली. बंदराला कोणते जहाज लागले, त्यात किती ओंडके चढले, कंपनीने कागदावर किती दाखवले, कर म्हणून काय भरले, आणि तो सरकारी तिजोरीत गेला की परस्पर टेलरच्या हाती गेला, अशा नोंदी हे लोक ठेवीत होते. सायलस सियाकोर हे या कामातील प्रमुख नाव आहे. त्यांना २००६ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. अशी माहिती बाळगणे हा त्या काळी जिवावरचा उद्योग होता. या माणसांचे धैर्य मला या सर्व हकिगतीत सर्वांत मोठे वाटते, आणि पुढील टीका वाचताना ते विसरले जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

पुरावा हाती आल्यावर पेच सुरू झाला. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत निर्यातीच्या उत्पन्नातील निम्म्याहून अधिक वाटा लाकडाचा होता. हजारो कुटुंबे कंपन्यांच्या मजुरीवर जगत होती. कित्येक भागांत रस्ते होते ते कंपनीनेच काढलेले होते आणि दुसरा कोणताही रोजगार नव्हता. लाकडावर बंदी मागणे म्हणजे आपल्याच लोकांच्या ताटातला घास काढून घेणे, असे सरकार म्हणत होते, आणि यातला अर्धा भाग खरा होता. दुसरीकडे त्याच लाकडाच्या पैशातून आलेली शस्त्रे लोफा प्रांतात आणि सीमेपलीकडे माणसे मारत होती.

पुढ्यात असलेले पर्याय

देशांतर्गत तक्रार आणि न्यायालय हा पहिला पर्याय नावापुरताच होता. करारांचा अधिकारच राष्ट्राध्यक्षाकडे असताना आणि वनखात्याचा प्रमुख त्याच्या मर्जीतील असताना त्या दारात जाण्याने तक्रारदाराचा जीव धोक्यात येण्यापलीकडे काही घडले नसते.

दुसरा पर्याय युरोपातील खरेदीदारांवर दबाव आणण्याचा होता. ब्रिटनमधील ग्लोबल विटनेस आणि इतर संघटना हे काम करीतच होत्या. मोठ्या नावाच्या काही खरेदीदारांना लाज वाटण्याजोगा हा मामला होता खरा. परंतु एकाने माघार घेतली की तेच लाकूड दुसरा उचलत असे, आणि चीनमधील खरेदीदारांपर्यंत हा दबाव पोहोचतच नव्हता.

तिसरा पर्याय मधल्या वाटेचा होता: निर्यात चालू ठेवावी, मात्र तिच्या महसुलाचे त्रयस्थ लेखापरीक्षण व्हावे. मे २००२ मधील ठराव क्रमांक १४०८ ने लाकूड आणि जहाजनोंदणी यांच्या उत्पन्नाबाबत साधारण हीच अपेक्षा व्यक्त केली होती. कागदावर हा मार्ग सर्वांत न्याय्य दिसतो, कारण त्यात मजुराचे नुकसान नाही. अडचण अशी की ज्याने चोरी चालवली आहे त्यानेच हिशेब द्यायचा होता. शिवाय बराचसा पैसा अधिकृत खात्यात येण्यापूर्वीच वळवला जात असल्यामुळे, खात्याचे लेखापरीक्षण कितीही प्रामाणिकपणे केले तरी ते उरलेल्या पैशापुरतेच झाले असते.

चौथा पर्याय संपूर्ण बंदीचा होता.

पहिला निर्णय: बंदीची मागणी

या संघटनांनी चौथा पर्याय निवडला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता की ज्या रोजगाराच्या नावाने बंदी नाकारली जात आहे तो रोजगार युद्ध चालू असेपर्यंत कधीच सुरक्षित राहणार नाही, आणि आज जे जंगल कवडीमोलाने जात आहे ते उद्याच्या शांततेच्या काळातील भांडवल आहे. हा युक्तिवाद मला पटतो. मात्र तो करणाऱ्यांनी मजुरांसाठी वेगळी तरतूद मागितली असती तर तो अधिक भक्कम झाला असता. सुरक्षा परिषदेने बंदीच्या संभाव्य सामाजिक आणि आर्थिक परिणामांचा अहवाल महासचिवांकडून मागवला, म्हणजे प्रश्नाची जाणीव होती. पण काम गमावणाऱ्यांना प्रत्यक्ष आधार देणारी योजना बंदीसोबत आली नाही.

परिषदेतील विरोध का मावळला, याला एकच कारण देता येणार नाही. २००३ च्या पूर्वार्धात लायबेरियाच्या सरकारने आत्मरक्षणाचे कारण पुढे करून शस्त्रबंदी मोडत शस्त्रे आणल्याचे स्वतःच कबूल केले. सप्टेंबर २००२ पासून शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये बंड पेटले होते, त्यात लायबेरियन लढवय्ये उतरले होते, आणि तेथे फ्रान्सचे सैन्य तैनात होते. आपल्या सैनिकांसमोर उभ्या राहणाऱ्या बंदुकांचा पैसा आपल्याच बंदरांत उतरणाऱ्या लाकडातून येतो, ही गोष्ट पॅरिसला टाळता येण्यासारखी राहिली नसावी, असा माझा तर्क आहे. ६ मे २००३ रोजी ठराव क्रमांक १४७८ संमत झाला आणि ७ जुलैपासून लायबेरियाच्या लाकडावर बंदी लागू झाली.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. ४ जून रोजी घानाची राजधानी आक्रा येथे शांतता वाटाघाटी सुरू होत असतानाच सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने टेलरवरील आरोपपत्र उघड केले. लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया येथे एप्रिलपासून पांढरी वस्त्रे घालून मासळीबाजाराजवळच्या मैदानात बसणाऱ्या ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रियांनी जुलैत आक्राच्या सभागृहाची दारे अडवून धरली. राजधानीवर तोफगोळे पडत होते. ११ ऑगस्ट रोजी टेलर पायउतार होऊन नायजेरियात गेला आणि १८ ऑगस्ट रोजी करारावर सह्या झाल्या. बंदी लागू झाल्यापासून पाच आठवड्यांत टेलर गेला, यावरून बंदीने त्याला घालवले असे लिहिणारे काही आहेत. मी ते मानत नाही. राजधानीला पडलेला वेढा, आरोपपत्र, शेजारी देशांचा आणि अमेरिकेचा दबाव आणि त्या स्त्रियांची चिकाटी यांच्यासोबत पैशाची नळी बंद होणे हे एक कारण होते. बंदीचे खरे काम टेलर गेल्यानंतर सुरू झाले.

दुसरा निर्णय: टेलर गेला, तरी बंदी उठवू नका

आक्रा कराराने जे हंगामी सरकार आणले त्यात मंत्रालयांची वाटणी झाली: टेलरच्या जुन्या सरकारला पाच, दोन बंडखोर गटांना प्रत्येकी पाच, आणि उरलेली सहा राजकीय पक्ष व नागरी संघटनांना. ऑक्टोबर २००३ मध्ये ग्यूड ब्रायंट यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या या सरकारची पहिल्या दिवसापासूनची मागणी होती की ज्याच्यासाठी बंदी घातली तो गेला आहे, तेव्हा बंदी उठवा, कारण देशाला पैसा हवा आहे. ही मागणी ऐकायला रास्त होती. तिजोरी रिकामी होती आणि शस्त्र खाली ठेवलेल्या तरुणांना काम हवे होते.

संघटनांनी मात्र बंदी चालू ठेवा असे सांगितले. युद्ध संपल्यावर आपल्याच देशाच्या निर्यातीवरील बंदी उठवू नका, असे परदेशात जाऊन सांगणाऱ्याला घरी देशद्रोही ठरवणे फार सोपे असते, आणि तसे आरोप झालेही. त्यांनी धरलेला मुद्दा असा होता की बंदीचे कारण टेलर ही व्यक्ती होती त्याहून अधिक ती व्यवस्था होती. आणि ज्या गटांनी बंदुकीच्या जोरावर मंत्रालये मिळवली त्यांच्या हाती तेच जंगल त्याच कायद्यांखाली दिले तर पुढील युद्धाची बेगमी होईल. सुरक्षा परिषदेने डिसेंबर २००३ मधील ठराव क्रमांक १५२१ मध्ये हेच तत्त्व स्वीकारले: जंगलाच्या भागावर सरकारचा प्रत्यक्ष ताबा आणि महसुलाचा पारदर्शक विनियोग या गोष्टी सिद्ध झाल्यावरच बंदी उठेल. पुढे ती पुनःपुन्हा वाढवली गेली.

एखादे दार बंद ठेवण्याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा ते कशाने उघडेल हे आधी सांगितलेले असते, आणि या टप्प्यावर ते नीट सांगितले गेले. बंदी चालू असताना एक समिती नेमून सर्व जुन्या परवान्यांची छाननी करण्यात आली. समितीत नागरी संघटनांना स्थान होते. २००५ मध्ये तिने दिलेला निष्कर्ष वाचून आजही थक्क व्हायला होते. सत्तर परवानाधारकांनी हक्क सांगितलेले क्षेत्र एकत्र केले तर ते देशातील एकूण जंगलाच्या सुमारे अडीच पट भरत होते. म्हणजे एकच पट्टा एकाहून अधिक जणांना दिला गेला होता. कायद्याच्या किमान अटी पूर्ण करणारा एकही परवानाधारक नव्हता. थकलेला कर सुमारे ६ कोटी ४० लाख डॉलर होता. समितीने सर्व परवाने रद्द करण्याची शिफारस केली. हंगामी सरकारने ती अंमलात आणली नाही. जानेवारी २००६ मध्ये एलन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि फेब्रुवारीत त्यांनी काढलेल्या पहिल्याच कार्यकारी आदेशाने सर्व जुने परवाने रद्द झाले.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हा होता असे मला वाटते. बंदी २००३ च्या अखेरीस उठली असती तर ही छाननी झालीच नसती.

तिसरा निर्णय: जमिनीचा प्रश्न मागाहून

निवडून आलेल्या सरकारने विश्वास कमावला होता आणि महसुलाची निकड खरी होती. २० जून २००६ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १६८९ द्वारे लाकूडबंदीची मुदत न वाढवण्याचे ठरवले, मात्र वनसुधारणेचा कायदा नव्वद दिवसांत झाल्याचे न कळल्यास बंदी परत आणली जाईल असे बजावले. राष्ट्रीय वनसुधारणा कायदा शरद ऋतूत संमत झाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये बंदीचा विषय परिषदेने संपवला.

कायद्यात मोलाच्या गोष्टी होत्या. परवाने स्पर्धात्मक निविदेनेच द्यायचे होते. तोड करण्यापूर्वी कंपनीने बाधित गावांशी सामाजिक करार करणे बंधनकारक होते. भूभाड्याचे ३० टक्के बाधित गावांना, ३० टक्के प्रांतांना आणि ४० टक्के केंद्रीय सरकारला, अशी वाटणी ठरली. ओंडक्यांचा माग ठेवण्याची नवी पद्धत आली. उभ्या झाडाला आधी क्रमांक आणि बारकोडची पट्टी लावायची, झाड पाडल्यावर एक पट्टी खुंटावर राहायची आणि एक ओंडक्यावर, ओंडक्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याला नवी पट्टी, आणि बंदरात ती पट्टी वाचून शुल्क भरल्याची खात्री पटल्याशिवाय निर्यातीचा परवाना द्यायचा नाही. जेथे चार वर्षांपूर्वी जहाजावरील ओंडके कार्यकर्त्यांना लपूनछपून मोजावे लागत होते, तेथे प्रत्येक ओंडक्याची नोंद आता सरकारदरबारी होणार होती.

तरीही ज्या जमिनीवर हे झाड उभे आहे ती कोणाची, या प्रश्नाला कायद्याने बगल दिली. नैसर्गिक वनसंपत्ती प्रजासत्ताकाने जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण करावी असे त्याने म्हटले, आणि वनजमिनींवरील समुदायांच्या हक्कांविषयीचा सर्वंकष कायदा एका वर्षाच्या आत संसदेपुढे ठेवण्याचे काम वनप्राधिकरणावर सोपवले.

संघटनांमध्ये यावर मतभेद होते. काहींचे म्हणणे होते की हक्कांचा कायदा झाल्याशिवाय बंदी उठू देऊ नये. इतरांना वाटले की नव्या सरकारची आणखी अडवणूक केली तर सुधारणेचा मार्ग धरणाऱ्यांचेच हात दुर्बळ होतील आणि लोकही साथ सोडतील. दुसरे मत चालले. त्या वेळच्या परिस्थितीत ते चुकीचे होते असे म्हणणे सोपे नाही. तीन वर्षांच्या बंदीने मजूर, हमाल आणि बंदरांतील गावे खरोखर टेकीला आली होती.

परंतु दबावाचे साधन हातातून गेल्यावर क्रम उलटला. हक्कांचा कायदा वर्षभरात आला नाही, तो २००९ च्या अखेरीस आला. आणि त्याआधीच, २००८-०९ मध्ये, सुमारे दहा लाख हेक्टर जंगलाचे सात मोठे करार नव्या कंपन्यांना देऊन झाले होते. आधी करार आणि नंतर हक्क.

निष्पत्ती

याहून मोठा घाव पुढे बसला. वनसुधारणा कायद्यात खाजगी मालकीच्या जमिनीवरील झाडे तोडण्यासाठी मालकाला परवाना देण्याची एक लहानशी तरतूद होती. ती छोट्या जमीनधारकांसाठी होती. जमातींच्या नावे असलेल्या जुन्या सामूहिक सनदा ही खाजगी मालकीच आहे असे दाखवून २०१० नंतर वनप्राधिकरणाने याच तरतुदीखाली धडाधड परवाने दिले. निविदा, सामाजिक करार, तोडीची मर्यादा यांतले काहीच या परवान्यांना लागू नव्हते. २०१२ पर्यंत अशा ६३ परवान्यांखाली सुमारे २५ लाख हेक्टर क्षेत्र गेले होते. देशाच्या एकूण भूभागाचा हा जवळजवळ पाव हिस्सा होतो. ज्यांच्या नावे परवाने होते त्या समुदायांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

ज्या संघटनांनी बंदीच्या काळात ओंडके मोजले होते त्यांनीच हे प्रकरण उघडकीस आणले. विशेष चौकशी झाली, वनप्राधिकरणाच्या प्रमुखाला काढण्यात आले आणि २०१३ च्या आरंभी राष्ट्राध्यक्षांनी या परवान्यांखालील सर्व काम थांबवले. जमिनीची मालकी संदिग्ध ठेवली की चांगल्या कायद्यातील सर्वांत लहान फट सर्वांत मोठी होते, हे येथे दिसले.

भूभाड्यातील गावांचा ३० टक्के वाटा कायद्यात होता, पण पैसा आधी सर्वसाधारण सरकारी खात्यात जाई आणि तेथून तो गावांकडे निघण्यास वर्षे लागत. सरकार आधीच गरीब होते, त्यामुळे अर्थमंत्रालयाला हा खर्च पुढे ढकलणे सर्वांत सोपे वाटे. २००९ मध्ये खनिज व वनमहसुलाची जाहीर पडताळणी करणारा कायदा झाल्यामुळे निदान थकबाकी किती हे लोकांना आकड्यांत सांगता येऊ लागले.

न्यायाच्या आघाडीवर चित्र असमान आहे. टेलरला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली, ती सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. कौवेनहोव्हेनवर नेदरलँड्समध्ये खटला चालला: २००६ मध्ये शस्त्रपुरवठ्यासाठी आठ वर्षांची शिक्षा आणि युद्धगुन्ह्यांतून सुटका, २००८ मध्ये अपिलात पूर्ण सुटका, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून फेरसुनावणीचा आदेश, आणि अखेर एप्रिल २०१७ मध्ये शस्त्रे पुरवणे व युद्धगुन्ह्यांत साथ देणे यांसाठी १९ वर्षांची शिक्षा. कंपनीच्या मालकीच्या जहाजातून शस्त्रे आल्याचे न्यायालयाने मान्य केले. निकालाच्या वेळी तो दक्षिण आफ्रिकेत होता आणि त्याला परत आणण्याचे प्रयत्न अडकले. खुद्द लायबेरियात युद्धगुन्ह्यांसाठी कोणावरही खटला उभा राहिला नाही. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाई यांनी अशा न्यायालयाच्या तयारीसाठी कार्यालय स्थापण्याचा आदेश काढला.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट मजुरांची. बंदीची मागणी करतानाच, काम जाणाऱ्यांसाठी ठरावीक मुदतीची मदत आणि रस्ते व शेतीची कामे यांची मागणी त्याच ठरावात करायला हवी होती. त्याने नैतिक बाजू बळकट झाली असती, आणि २००६ मध्ये 'लोक टेकीला आले आहेत' या कारणापुढे माघार घ्यावी लागली नसती. दुसऱ्या निर्णयात दाखवलेला ठामपणा तिसऱ्यात टिकला नाही, याचे बीज पहिल्यात होते.

दुसरी गोष्ट पुराव्याची. बंदीसाठी गोळा केलेला पुरावा हा सुरक्षा परिषदेला पटवण्यासाठी होता आणि त्यासाठी तो पुरेसा ठरला. न्यायालयाची गरज वेगळी असते. २००८ मध्ये डच अपील न्यायालयाने साक्षीदारांच्या जबान्यांतील विसंगतींवर बोट ठेवून आरोपीला सोडले. साक्षीदाराने पहिल्यांदा काय सांगितले, कोणासमोर, कोणत्या भाषेत, आणि नंतर त्याच्याशी कोण बोलले, याची शिस्तशीर नोंद आरंभापासून ठेवली गेली असती तर खटल्यात गेलेल्या वर्षांतील काही वर्षे निश्चित वाचली असती. पोटाला चिमटा घेऊन काम करणाऱ्या छोट्या संघटनांकडून ही अपेक्षा करणे कठोर आहे, हे मला कळते. म्हणूनच ही मदत त्यांना त्याच वेळी बाहेरून मिळायला हवी होती. परदेशी संघटनांकडे वकील होते.

तिसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. गावांचा ३० टक्के वाटा सरकारी तिजोरीतून न फिरवता, कंपनीने भरल्याबरोबर थेट वेगळ्या विश्वस्त खात्यात जाईल, ही अट बंदी उठवण्यापूर्वीच घालता आली असती. बंदरातील बारकोडच्या पट्टीला शुल्काची पावती जोडली गेली होती, तशी गावाच्या वाट्याची पावतीही जोडता आली असती. तांत्रिकदृष्ट्या त्यात काहीच अवघड नव्हते.

चौथी आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट जमिनीची. 'एका वर्षाच्या आत कायदा आणू' हे वचन म्हणजे अट पूर्ण झाली असे मानण्यात आले. बंदी पूर्ण उठवणे आणि पूर्ण ठेवणे यांच्यामध्ये जागा होती. तोडलेल्या जुन्या लाकडाची विक्री आणि छोट्या क्षेत्रांतील तोड खुली करून, मोठे दीर्घ मुदतीचे करार मात्र समुदायांच्या हक्कांचा कायदा होईपर्यंत थांबवता आले असते. सरकारला थोडा महसूल मिळाला असता, बंदरांत काम सुरू झाले असते, आणि हक्कांचा कायदा लवकर करण्यात सरकारचे स्वतःचे हित राहिले असते. असा प्रस्ताव जोराने पुढे आला नाही, कारण चर्चा 'बंदी हवी की नको' या दोनच टोकांत अडकली होती.

वहिवाटीच्या जमिनीवर समुदायाची मालकी, कागद असो वा नसो, मान्य करणारा भूमिहक्क कायदा लायबेरियात अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये झाला, आणि त्यामागेही बरीचशी तीच माणसे होती. त्या कायद्याने आधीचे करार मात्र त्यांच्या मुदतीपर्यंत कायम ठेवले. २००८-०९ मधील सात करार २५ वर्षांच्या मुदतीचे होते, त्यामुळे ती जंगले ज्यांच्या गावांभोवती आहेत त्यांचा मालक म्हणून पूर्ण अधिकार त्या पट्ट्यांवर, कराराची मुदत कमी झाली नसेल तर, २०३३-३४ नंतर सुरू होईल.